दिवा विपुलदादाने केलेला नाही

बाबा,

मी आत्ता कुंडमला शकुआत्याकडे जाऊन राहिली. काल मला पाहायला आलेल्यांनी शोकेसमधला छोटा दिवा पाहून विचारलं, "हा कोणी बनवला?" तुम्ही म्हणालात, "आमच्या विपुलनं."

काहून, बाबा? घड्याळातून काढलेल्या, संपत आलेल्या एका सेलवर एलईडी पेटावा म्हणून तारेचे वेढे मी गुंडाळले, सोल्डरिंग करताना बोटं माझी भाजली. मुलीनं केला म्हटलं असतं तर स्थळ हातचं गेलं असतं का?

दिवा मी नेते आहे. आत्याकडे लाइट फार जाते. तुमची बीपीची गोळी जेवणाआधी घ्या, भेंडी फ्रिजमध्ये आहे.

त्या लोकांनी तसाच एक दिवा मागितला आहे. आता विपुलदादाकडूनच करवून घ्या.

प्रणोती