एका घरचे दोघे

प्रिय टॉर्मॉड,

चहा पोचला. ग्लासगोत राहून चहा तरी ओळखायला शिकलास. ट्रामवर तिकिटं फाडून बोटं दुखतात असं लिहिलंयस. बंदरावर दोरखंड ओढणारा तू, हे बेटावर कुणाला सांगू नकोस.

तुझ्या बाबांनी अंथरूण धरलंय. डॉक्टरांनी फारशी आशा दाखवली नाही. युद्धापासून ते तुझ्याशी एक शब्दही बोललेले नाहीत, हे मला ठाऊक आहे. म्हणून आधी सगळं वाच, मग घरी यायचं का ते ठरव.

एका घरच्या दोघांनी एका जहाजावर जायचं नाही, हा आपल्या बेटाचा रिवाज. तुझा भाऊ म्हणून रुअरी किती मागे लागला होता, ‘बाबा, याला माझ्याबरोबर राहू द्या, हा झोपेत बूटसुद्धा उलटे घालतो.’ पण यांनी ऐकलं नाही. ‘एक बुडालं तर एक जण तरी घरी येईल,’ म्हणाले आणि स्वतः बंदरावर जाऊन तुला दुसऱ्या मालवाहू जहाजावर चढवून आले. ते नेमकं त्याच ताफ्यातलं निघालं, रुअरीच्या जहाजामागचंच. पाणबुडीने त्याचं जहाज फोडलं तेव्हा सुकाणू तुझ्या हातात होतं. थांबायचं नाही, वळायचं नाही, थांबलेलं जहाज पुढचं सावज होतं, हा हुकूम सगळ्यांनाच होता. पाण्यातल्यांना शेवटच्या जहाजाने उचलायचं. त्याने बाकीच्यांना उचललं, रुअरी तेवढा सापडला नाही.

घरी येऊन तू जेवणाच्या टेबलाशी सांगितलंस, ‘आईने विणलेल्या निळ्या स्वेटरवरून ओळखला मी त्याला. आणि सरळ गेलो.’ बाबा ताटावरून उठले ते उठलेच. तुला वाटलं, ते तुला दोष देतात. मलाही तेच वाटलं. आपण दोघांनी कधी विचारलंच नाही रे, याचं मला फार वाईट वाटतं.

परवा लापशी भरवताना आपणहूनच म्हणाले, ‘अगं, पोराने केलं ते बरोबरच केलं. पण त्याला त्या जहाजावर चढवलं कुणी? मीच ना? मग कुठल्या तोंडाने त्याच्यासमोर जाऊ?’ मी म्हटलं, ‘हे इतकी वर्षं पोटात ठेवलंत? तुमच्यापेक्षा आपला बैल जास्त बोलतो.’ ते हसले, मग बराच वेळ खोकत राहिले. मी मागल्या दारी जाऊन रडून घेतलं.

रुअरी गेला तेव्हापासून तू सुकाणूला हात लावलेला नाहीस, तेही जाणते. तरी लिहिते आहे, कारण त्यांनी आपल्या छोट्या बोटीला डांबर लावून घेतलंय. तू चालवायचीस आणि त्यांनी समोर बसायचं, एवढंच त्यांचं मागणं आहे. या अवस्थेत कुठे जायचंय, असं मी विचारलं. म्हणाले, ‘कुठेही. त्याला वाटेल तिथे थांबू दे.’

तुझीच,
आई