सामानाची खोली

९ नोव्हेंबर

चि. फूटपट्टीस,
ताईचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुला आठवतं का, उन्हाळ्याच्या दुपारी आई खालच्या खोलीतल्या फरशीवर ओलं फडकं फिरवायची आणि आपण दोघं तिच्या शिलाई मशीनच्या बाजूला गार फरशीवर आडवे व्हायचो? तुझा पाय हटकून पायडलला लागायचा. मग ती वरून बजावायची, की टाके वाकडे गेले तर गिऱ्हाइकाला तुझं नाव सांगीन. तू पडल्या पडल्या पट्टीनं मशीनचे पाय मोजत असायचास. तेव्हापासून हे नाव चिकटलं ते चिकटलं. मोठा आर्किटेक्ट झालास म्हणून सुटका नाही.

पुराचं पाणी ओसरलं, पण भिंतीवर खांद्याच्या उंचीला चिखलाची रेघ आहे आणि खालून पोपडे पडतात. घर पाडून नवंच बांधावं लागणार. आई वाचली, कारण शेजारच्या नर्सबाईंनी आणि मी तिला खुर्चीसकट उचलून त्यांच्या जिन्यावर नेलं. सगळा वेळ ती खुर्ची सरळ धरा म्हणून आम्हालाच ओरडत होती.

घरात कोण कुठे बसतं, काय करतं, ते तू कळवायला सांगितलंस, म्हणून लिहिते. आई दिवसभर रस्त्याकडच्या खिडकीत, मशीनवर. गिऱ्हाइकं खिडकीतूनच कपडा देतात. ती टेप लावत नाही, नजरेनंच माप घेते, आणि कोण सुटलंय, कोण वाळलंय हेही तोंडावर सांगते. गुडघ्यांमुळे तिला एक पायरी चढवत नाही. मी शाळेतून निवृत्त झालेली बाई, मला कुठल्याही कोपऱ्यात टाक. पण आईची खोली खाली, रस्त्याला लागून. बाकी तुझी मर्जी.

लोभ आहेच, तो नकाशातही दिसू दे.
ताई


२८ नोव्हेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून हसलो, मग नकाशा काढायला बसलो आणि हसू गेलं.

आपलं घर पूररेषेच्या आत येतं. नव्या नियमाप्रमाणे तिथं खालचा मजला खांबांवर मोकळा सोडावा लागतो, पाण्याला वाट देण्यासाठी. खाली गाडी ठेवता येते, फार तर एक सामानाची खोली बांधता येते. माणसाला राहता येत नाही. हा नियम ज्या समितीनं केला तिच्यात मी होतो, हे तुला ठाऊक आहे. ते कलम मीच लिहिलं. त्याआधीच्या पुरानंतर मी घराघरांतून फिरलो होतो, ताई. खालच्या खोल्यांतून कोणाला बाहेर काढत होते ते पाहिलंय. सगळी आईच्या वयाची.

म्हणून आईची खोली वर. पाणी आलं तर सुटकेसाठी बाहेरून जिना द्यावा लागतो, तो फक्त पूर्वेलाच बसतो. तेव्हा तिची खोली पश्चिमेला येईल. रस्ता त्याच बाजूला आहे, तिला वरून सगळं दिसेल.

तू रागावशील. रागासकट लोभ असू द्यावा.
तुझा
फूटपट्टी


१२ डिसेंबर

चि. फूटपट्टीस, अ. आ.

तुझं पत्र आईला वाचून दाखवलं. तिनं सुईत दोरा ओवला. मग म्हणाली, त्याला कळव, नकाशात माझ्या खालच्या खोलीवर सामानाची खोली असं लिही. मला उचलून इकडचं तिकडे ठेवावं लागतंच, तेव्हा खोटंही होणार नाही.

आम्ही दोघी हसलो, पण मी हे गंमत म्हणून लिहीत नाही. कंत्राटदार म्हणतो, सगळे असंच करतात. तपासणीला माणूस आला की खाट भिंतीला उभी करायची. तुला नकाशात एकच नाव बदलायचंय. पाण्याची चाहूल लागली की मी आणि नर्सबाई आहोत. एकदा नेलंय, पुन्हा नेऊ.

आणि वर न्यायचंच असेल, तर पश्चिमेच्या उन्हाचं काय? तिथं छत उंच कर, खिडकीवर रुंद छज्जा दे. आईला वारा लागतो, माहीत आहे ना?

कॉन्व्हेंटच्या शाळेत सिस्टर सांगायच्या, रागानं पत्र लिहायचं असेल तर आधी हात धुऊन या. दोनदा धुतले.
ताई


५ जानेवारी

ती. ताईस, सा. न. वि. वि.

नाव बदलणार नाही. नियम करणाऱ्याच्या आईसाठी नियम वाकला, तर उद्या मी कोणत्या तोंडानं दुसऱ्याची खाट वर चढवू? शिवाय पाणी रात्री आलं तर? नर्सबाई ड्यूटीवर असल्या तर?

घराची एकूण उंची ठरलेली आहे. खालचा मजला उचलला की वरच्याला कमी उरते, म्हणून छत बसकं होईल. पत्र्याला मनाई आहे, वादळात उडालेल्या पत्र्यांनी माणसं कापली गेली. तेव्हा स्लॅबच. छज्जा रस्त्याकडच्या मोकळ्या जागेत हातभरापलीकडे नेता येत नाही. हे सगळे नियम वेगवेगळ्या लोकांनी, वेगवेगळ्या वेळी केलेत, आणि प्रत्येकाला कारण आहे. मी चांगला पंखा लावून देतो.

आईला सांग, ती सामान नाही.

लोभ कमी झाला असेल, तर उरलेला जपून ठेव.
फूटपट्टी


१९ ऑगस्ट

चि. फूटपट्टीस, आशीर्वाद.

तू जिंकलास. ते आधी लिहून टाकते, म्हणजे पुढचं पत्र नीट लिहिता येईल. परवा पाणी आलं, पहाटे, आणि नर्सबाई खरंच ड्यूटीवर होत्या. खांबांमधून आत शिरलं, तसंच निघून गेलं. आई खाली असती तर मला एकटीला ती उचलली नसती. गल्लीतले लोक आपलं घर बघायला येतात, तुझं नाव घेतात.

आई मात्र नव्या घरात राहायला आलो त्या दिवशी खुर्चीतून वर आली, ती वरच राहिली. तुला वाटत होतं तिला वरून सगळं दिसेल. ती म्हणते, वरून नुसती डोकी दिसतात, माप कसं घेऊ? सुरुवातीला लोकांनी दोरीला पिशवी बांधून कपडे पाठवले. दोन झंपर तंग झाले, तिनं उसवून परत शिवले, तेही चुकले. आता पिशवी येत नाही. ती रोज मशीनला तेल घालते आणि झाकण लावते.

उन्हाळा यायचाय. काहीतरी कर.
ताई


२२ मे

ती. ताईस, सा. न.

आईचे दिवस करून निघताना तुझ्याशी बोलता आलं नाही. तू दारात उभी होतीस, पण माझ्याकडे बघत नव्हतीस. छतावर ऊन अडवणारा थर द्यायचं मी हिवाळ्यापासून म्हणत होतो, या महिन्यात येऊन करणार होतो. ते आता कोणाला सांगू?

समितीपुढे मी उन्हाचा मुद्दा मांडतोय. पूररेषेतल्या वरच्या खोल्यांना रुंद छज्जा आणि उंच छत मिळालं पाहिजे, असं लिहिलंय. त्यांना पुरावा लागेल. आईच्या खोलीतलं दुपारचं तापमान मोजून कळवशील का?

काय मागतोय ते मला कळतंय.
तुझा भाऊ


३० मे

चि. फूटपट्टीस,

तापमान मोजणार नाही. त्या खोलीत दुपारी मी जात नाही.

त्या दिवशी वीज गेली, तुझा चांगला पंखा थांबला. मी फडकी ओली करून तिच्या कपाळावर ठेवत होते, ती सुकत होती. मी आणि गल्लीतल्या दोघांनी तिला खाली न्यायला खुर्ची उचलली. खांबांमध्ये सावली होती, वारा होता. आपण लहानपणी लोळायचो तसाच गारवा. पण जिन्याच्या वळणावर तिची मान कलली. डॉक्टरांनी कागदावर वय हेच कारण लिहिलं. पूर आला की रेघ उरते, रे. उन्हाची उरत नाही.

तुझ्या नियमानं आई पाण्यातून वाचली, हे मी नाकारत नाही. मला ते रोज आठवतं, आणि त्यामुळे तुझ्यावर धड रागावताही येत नाही. याचाच राग येतो.

आता कोणाला काय द्यायचं ते सांगते. कात्री नर्सबाईंना. खुर्चीही त्यांनाच, त्यांच्या सासूचे गुडघे गेलेत. झाकणाखाली एक अर्धा उसवलेला झंपर आहे, तो कोपऱ्यावरच्या दूधवालीचा. तसाच देते, शिवून नाही. शिवताना बोटात घालायचं टोपण तुझ्या मुलीला.

धाग्याला लावायची मेणाची वडी तुला. ती खिडकीच्या चौकटीवर असायची. उन्हानं मऊ होऊन तिथंच बसली आहे आणि तिच्यावर आईच्या अंगठ्याचा ठसा उमटलाय. सुरीनं सोडवून ठेवली आहे. ती समितीपुढे ठेव. पुरेशी नाही म्हणाले तर घरी आण.

बाकी खाट, मशीन, तिची लुगडी मी खालच्या सामानाच्या खोलीत हलवते आहे, रस्त्याकडच्या खिडकीशी. आता ते नुसतं सामान आहे. तुझ्या कलमाची हरकत नसावी.

ताई