मलमपट्टीच्या खोलीसाठी सातवी सही

प्रति,
मा. आरोग्य सुधारणा अधिकारी,
सुधारणा कक्ष, तिसरा मजला,
सार्वजनिक दवाखाना, मुख्य इमारत.

अर्जदार : सचिव, दवाखाना मित्र मंडळ
(धंदा शिंपीकाम, दुकान दवाखान्याच्या फाटकासमोर)

विषय : सोमवार दि. १८ ची सभा चौथ्यांदा पुढे न ढकलण्याबाबत.

संदर्भ : १) आमच्या मंडळाने दिलेल्या एकोणीस सूचना.
२) त्यांपैकी आपण मान्य केलेली एक.

महोदय,

वरील विषयास अनुसरून सविनय अर्ज करतो की, दीड वर्षापूर्वी आपल्या कक्षाने दवाखान्याच्या सुधारणेसाठी स्वयंसेवी मंडळांकडून सूचना मागवल्या होत्या. आम्ही अगदी हुरळून गेलो. आजवर आम्हाला कोणी काही विचारले नव्हते. ओळ सोडू नका, एवढेच सांगितले होते. त्या दिवशी माझ्या दुकानात कापड बेतायच्या टेबलाभोवती आम्ही सातजण जमलो. दूधवाला, निवृत्त शिक्षिकाबाई, इस्त्रीवाला, न्हावी, बेकरीवाला, मी आणि माझी पत्नी. सातही जण या दवाखान्याचे जुने रुग्ण आहोत. धडधाकट माणसांना मंडळ काढायला सवड कुठली?

सूचना क्रमांक सात माझ्या पत्नीची. हूक लावता लावता ती म्हणाली, "हे लोक घरोघर फिरून सह्या गोळा करतील आणि तुम्ही विचारलं म्हणून नाचत बसाल. आपण सातजण समोर बसल्याशिवाय दवाखान्यातला खिळासुद्धा हलवायचा नाही, असं लिहा." मी लिहिले. शिक्षिकाबाईंनी त्यात 'प्रत्यक्ष' हा शब्द घातला. ऐनवेळी कोणी आपली माणसे उभी करील म्हणून बदली सदस्य चालणार नाही, हे शेपूट मी जोडले. आमच्या हुशारीवर आम्हीच खूश होतो. पिण्याचे पाणी, बाकडी, औषधांच्या खिडकीवर सावली वगैरे अठरा सूचना आपण नामंजूर केल्या आणि ही एक जशीच्या तशी नियमात घेतली. आम्हाला प्रशस्तिपत्रही दिले. ते दुकानात टांगले आहे.

पुढे, नियमाआधीच मंजूर झालेल्या कामानुसार मलमपट्टीची खोली सुधारणेसाठी बंद झाली. तळमजल्यावर नवी खोली तयार होऊन आठ महिने झाले. फरशी बसली, नळाला पाणी आले, दाराला कुलूपही आले. आता ती उघडणे हा 'बदल' असल्याने आम्हा सातजणांची सभा लागते. सभागृह तिसऱ्या मजल्यावर आहे. लिफ्ट बंद आहे. ती दुरुस्त करणे हाही बदल आहे. सभा खाली घ्यावी असा अर्ज मी केला, तर जागा बदलणे हाही बदल असून त्यास सातजणांची प्रत्यक्ष मंजुरी लागेल, असे उत्तर आले. नियमच रद्द करा म्हटले, त्याचेही उत्तर तेच. महोदय, कायद्याचे मला कळत नाही, पण उत्तरात चूक काढता येईना. नियम आमचाच, अक्षर माझेच.

जिन्याला सहासष्ट पायऱ्या आहेत. मी टेप लावून मापले. प्रत्येक पायरी साडेसात इंच. पहिल्या सभेला दूधवाल्याचा दम चव्वेचाळिसाव्या पायरीवर संपला. तो तिथूनच "हजर आहे हो!" म्हणून ओरडला, सर्वांनी ऐकले, पण लिपिकांनी सहाच हजर लिहिले. दुसऱ्या सभेला पत्नीला दुकानातल्या खुर्चीत बसवून उचलून आणले आणि सातही जण वर पोचलो. तेव्हा आपण लोकसहभागावर भाषण द्यायला दुसऱ्या कार्यालयात गेला होतात. तिसऱ्या वेळी पुन्हा सातही पोचलो, पण सभागृहाची किल्ली सापडली नाही. आम्ही दोन तास बाहेर बसलो. बेकरीवाल्याने आणलेली बिस्किटे शिपायांनाही दिली. कोणी आमच्याशी वाईट वागले असे मी म्हणत नाही.

आता मूळ गाऱ्हाणे. माझ्या पत्नीला साखरेचा आजार असून डाव्या पायाला जखम आहे. जुनी खोली चालू होती तेव्हा दर मंगळवारी आणि शुक्रवारी सिस्टर मलमपट्टी करत. जखम भरत नव्हती, पण वाढतही नव्हती. खोली बंद झाल्यावर मी सिस्टरांपुढे हात जोडले. त्या म्हणाल्या, "दादा, जुनी खोली बंद, नवी मंजूर नाही. मी कुठं बसून बांधू? व्हरांड्यात बांधलं तर माझ्यावर कागद येतो." त्यांच्या डोळ्यांत पाणी होते. मोठे रुग्णालय दोन बस बदलून आहे. तिथे महिन्यातून दोनदाच नेणे जमले. बाकीचे दिवस मी घरी कापड उकळून पट्टी बांधत होतो. चाळीस वर्षे मी लोकांचे कपडे शिवले, पण या कामात माझा हात बसला नाही. आधी दोन बोटे गेली. आता मोठ्या रुग्णालयाच्या सर्जनसाहेबांनी गुडघ्याखालून पाय काढावा लागेल असे सांगून गुरुवार दि. १४ ही तारीख दिली होती.

ती तारीख पत्नीने मला न विचारता मंगळवार दि. १९ करून घेतली. सर्जनसाहेब रागावले. उशीर झाला तर गुडघाही वाचणार नाही, असे त्यांनी लिहून दिले आहे. मीही घरी आल्यावर नको ते बोललो. तिने ऐकून घेतले आणि म्हणाली, "पाय कापल्यावर मी दोन महिने उठत नाही. बदली माणूस चालत नाही. मग खोली कोण उघडणार? माझं व्हायचं ते झालं. पण चौकशीच्या खिडकीपाशी रोज दहा-बाराजण पाय बांधून उभे असतात, ते तुम्हाला दिसत नाहीत का?" मला दिसतात. माझे दुकान समोरच आहे. पण मला तिचा पाय जास्त दिसतो, हे मी लेखी कबूल करतो.

तरी महोदयांस कळकळीची विनंती की, सोमवारची सभा सोमवारीच घ्यावी. किल्ली आदल्या दिवशी शोधून ठेवावी. आपण भाषणास जाऊ नये. आम्ही सकाळी आठ वाजताच जिना चढायला लागू, म्हणजे अकरापर्यंत दूधवाल्यासह सर्व वर येऊ. यापेक्षा जास्त सुधारणा आम्हाला आता नको आहे.

आपला, अजूनही नम्र,
(सही)
सचिव, दवाखाना मित्र मंडळ
बुधवार, दि. १३

सोबत : १) सूचना क्रमांक सातची प्रत (माझ्या अक्षरात).
२) सर्जनसाहेबांची चिठ्ठी.
३) सातही सदस्यांच्या सह्या.

ता. क. : आवक खिडकीवरील बाईंनी हा अर्ज घेतला नाही. सभेविषयीच्या अर्जावर सातजणांनी प्रत्यक्ष समोर येऊन सही केली पाहिजे, असे त्या म्हणाल्या. त्यांचेही बरोबर आहे. म्हणून सर्वांना बोलावून घेतले आहे. सहाजणांनी खिडकीसमोर सही केली. आवक खिडकी पहिल्या मजल्यावर असून न्हावी आणि बेकरीवाला सही करून लगेच दुकानांवर परतल्याने आज खुर्ची उचलायला इस्त्रीवाला आणि मी असे दोघेच आहोत. जिन्यावर आमच्याने होत नाही. सातवी सही करणारी खाली फाटकाजवळ खुर्चीत बसली आहे. आपण आपल्या खिडकीतून जरा वाकून पाहिलेत तर दिसेल. पेन तिच्याजवळ आहे.