प्रतापरावांचं कव्हर

६ नोव्हेंबर १९९४
आलो बुवा एकदाचा हैदराबादला! विद्यानगरात माडीवरची खोली मिळाली, ऊनवारा भरपूर, आणि घरमालकीण चक्क मराठी. सुशीलाबाई पिढ्यान्‌पिढ्या इथल्याच, त्यामुळे त्यांच्या मराठीला ‘हौ’ आणि ‘नक्को’ची फोडणी असते. माझी कॉम्प्युटर कंपनीतली नोकरी त्यांना नीटशी कळली नाही. पण माझी बायको केतकी परीक्षा संपली की पुण्याहून येणार, हे ऐकून त्यांनी लगेच तिच्यासाठी पडदे धुवायला काढले. लग्नाला जेमतेम चार महिने झालेत. ती नाही तर करमत नाही, हे इथे लिहायला हरकत नाही.

टेबलावर तिचा फोटो मांडला आणि भिंतीवर माझा खजिना: जुन्या रेकॉर्डची चमत्कारिक कव्हरं. लोक कॅसेट आणि सीडीच्या मागे लागलेत, रेकॉर्डी रद्दीत चालल्यात. मला गाण्यात काडीचा रस नाही. तबकडी दुकानदाराला परत देतो आणि कव्हर तेवढं आणतो. ते बघून हसू आलं पाहिजे, एवढीच अट. टाय लावून मोरावर बसलेले भजनीबुवा माझे विशेष लाडके.

९ नोव्हेंबर
सुलतान बाजारात हार्मोनियमसकट विहिरीत उतरलेला गवई मिळाला. तो हातात बघून सुशीलाबाईंनी मला थांबवलं आणि ट्रंकेतून एक कव्हर काढून आणलं. त्यांचे यजमान प्रतापराव लग्नाकार्यांत पशुपक्ष्यांचे आवाज काढायचे. हौसेने स्वतःची रेकॉर्ड काढली होती. ती फुटली, कव्हर राहिलं. त्यावर प्रतापराव सुटाबुटात, कोंबडी टेलिफोनसारखी कानाला लावून हसतायत. बाई म्हणाल्या, त्यांचा हसरा फोटो हा एवढाच हाय. भिंतीवर लावा, लोकांनी बघितलेलं त्यांना लई आवडायचं.

मी मान डोलावली. मनात म्हटलं, घबाड लागलं!

१३ नोव्हेंबर
ऑफिसातले उदय आणि दिलीप आले होते. एकेक कव्हर दाखवून मी नकला केल्या. प्रतापराव शेवटी ठेवले होते. उशी कानाला लावून मी कोंबड्यासारखा आरवलो, म्हातारा आरवून आरवूनच मेला असेल म्हणालो. दोघं हसून लोळले.

दारात सुशीलाबाई. हातात गरम मिरचीभज्यांची ताटली. ती खाली ठेवून त्या निघून गेल्या.

ऐकलं नसेल, असं मी ठरवून टाकलं. भजी मात्र मला गेली नाहीत.

१४ नोव्हेंबर
सकाळी प्रतापराव पाठमोरे दिसले. कव्हर उलटं लागलं असेल म्हणून काढून पाहिलं. मागच्या बाजूला नेहमीचा मजकूर. पुढच्या बाजूला कोटाची पाठ, कॉलर, टक्कल आणि खांद्यावरून डोकावणारं कोंबडीचं शेपूट. 

१६ नोव्हेंबर
भजनीबुवांनी पाठ फिरवली. विहिरीतल्या गवयानेही. आज सगळी भिंतच पाठमोरी आहे.

खाली जाऊन माफी मागायला हवी होती. त्याऐवजी प्रतापरावांचं कव्हर बाईंच्या दाराखालून आत सरकवलं आणि चोरासारखा वर पळालो. लाज वाटते. पण तोंड उघडण्याची त्याहून जास्त.

१९ नोव्हेंबर
शेवटी गेलो. बाई अंगणात पाठ करून मेथी निवडत बसल्या होत्या. हाक मारली. त्या गोड आवाजात या की म्हणाल्या. मी वळसा घालून समोर गेलो.

समोरही अंबाडाच.

पुन्हा वळसा घातला. अंबाडा. हात मेथी निवडतच होते. त्यांनी विचारलं, काय बोलायचं होतं?

पळालो.

२१ नोव्हेंबर
ऑफिसात उदय, दिलीप. बसमध्ये कंडक्टर. इराण्याच्या हॉटेलात सगळेच. आवाज नेहमीसारखे, पण समोरून फक्त केस—

आरशावर टॉवेल टाकलाय. माफी तोंडाकडे बघून मागायची असते. आता कुणाच्या तोंडाकडे बघू?

२३ नोव्हेंबर
बूथवरून पुण्याला फोन केला. केतकीला म्हटलं, येऊ नकोस. कारण विचारलं तिने. सांगायची लाज वाटली. म्हणालो, पाण्याची अडचण आहे. ती हसली. शनिवारी पोचतेय म्हणाली.

फोटोत ती अजून माझ्याकडे बघते. तो एकच चेहरा उरलाय. 

२५ नोव्हेंबर
फोटोत आता फक्त तिचा कान आणि गाल—

सगळी कव्हरं जाळली. गाल आणखी वळला.

२६ नोव्हेंबर
स्टेशनवर गेलो नाही. खाली तिचा आवाज. सुशीलाबाई तिला किती मायेने बोलतायत. माझ्याबद्दल एक वाकडा शब्द नाही.

जिन्यात पावलं. बघायचं नाही. लिहीत राहिलो तर वर बघावं लागणार नाही—

आत आली. टेबलापलीकडे समोर बसली. विचारतेय, काय झालंय तुला, इतका का वाळलास. सांगतो, केतकी, सगळं सांगतो, मी त्या बाईंच्या नवऱ्याला—

म्हणतेय, आधी माझ्याकडे बघ.

ती पुढे वाकली. वहीवर, माझ्या हाताशी, तिची वेणी येऊन पड—