आयोडिनच्या पोटावरचे ठिपके

रिव्हरसाइड,
२६ फेब्रुवारी १९९८

चिरंजीव लव्हिनियास थिओडोराताईचे आशीर्वाद.

तुझ्या कालच्या पत्रात "पेपरात फोटो आलेलं मांजर माझं आहे, रविवारपर्यंत पाठव" असं वाक्य आहे, म्हणून हे पत्र लिहावं लागत आहे. एरवी मी ईस्टरलाच लिहिलं असतं. गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी सांगितलंय तेवढं चालतेस का? (चालत नसणारच.) माझी तब्येत ठीक आहे. रक्तदाब तर गेल्या शनिवारपासून फारच उत्तम आहे.

आता क्रमाने. सप्टेंबरात माझ्या बंगाल जातीच्या ठिपकेदार मांजरीला तीन पिल्लं झाली. ती दोन आठवड्यांची असताना मी तुला फोटो पाठवला. तू एका पिल्लाभोवती शाईने गोल केलास, "हे माझं, नाव प्रिन्स" असं लिहिलंस आणि फोटो परत धाडलास. तेव्हा ठिपके छापल्यासारखे स्वच्छ होते. पाचव्या आठवड्यात ते विरायला लागले. अंगभर लांब, राखाडी, विसकटलेले केस उगवले आणि ठिपके त्याखाली बुडाले. मी पस्तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं आहे, त्यामुळे घाबरले नाही. फक्त तिन्ही पिल्लांना कोमट पाण्याने तीनदा अंघोळ घातली, घरातले पडदे धुतले आणि चिकन बंद करून टर्की सुरू केली. (टर्कीचा ठिपक्यांशी काडीचा संबंध नाही, हे आता खात्रीने सांगते.) पिल्लांना अंघोळ इतकी आवडली की ती आपण होऊन सिंकमध्ये जाऊन बसू लागली. शेवटी, ज्याच्याकडून मांजरी घेतली होती त्या ऑर्व्हिल स्ट्रॅटनला फोन केला. तो आधी पोटभर हसला. मग म्हणाला, "मास्तरीणबाई, रानमांजराचं रक्त आहे ते. पिल्लू कुणाच्या नजरेत भरू नये म्हणून हा धुरकट अंगरखा असतो. चौथ्या महिन्यात उतरेल. तोवर धुऊ नका, ती काय चादरी आहेत?"

तू मात्र आलीस ती नेमकी आठव्या आठवड्यात. "ताई, ही काय व्हॅक्यूम क्लीनरच्या पिशवीतून काढलीस?" हे तुझं पहिलं वाक्य. मी समजावू लागले, तर "गल्लीतल्या बोक्याचे प्रताप आहेत, कबूल कर ना!" म्हणालीस, माझा लिंबाचा केक अर्धा संपवलास आणि रिकाम्या हाताने गाडीत बसलीस. एवढ्यावर थांबली असतीस तर मी विसरलेही असते. पण ही हकिगत तू तुझ्या पत्त्यांतल्या, ब्रिजच्या मैत्रिणीला, प्रुइटबाईंना सांगितलीस. त्या स्वतः बंगाल मांजरं प्रदर्शनात नेतात, हे तुला चांगलं ठाऊक होतं.

जानेवारीत ऑर्व्हिल म्हणाला तसंच झालं. एका पिल्लाचं नाव मी आयोडिन ठेवलं आहे. तिच्या अंगावर नुसते ठिपके नाहीत, गडद कड आणि आत तांबूस अशी वलयं आली, आणि उन्हात केसांची टोकं सोन्यासारखी चमकू लागली. गेल्या शनिवारी तिला घेऊन सॅन बर्नार्डिनोच्या प्रदर्शनाला गेले. परीक्षकांनी तिला टेबलावर घेतलं मात्र, प्रुइटबाई उभ्या राहिल्या. "अहो, ही पिल्लं राखेसारखी होती! हिच्या सख्ख्या बहिणीने डोळ्यांनी पाहिलंय! रंगवलंय मांजर! रसायनं कळतात ना बाईंना!"

साठ माणसं वळून माझ्याकडे पाहू लागली. मांजर रंगवलेलं निघालं तर कायमची बंदी, आणि ऑर्व्हिलच्याही नावाला काळिमा. परीक्षकांनी पाणी आणि पांढरा टॉवेल मागवला आणि मला विचारलं, "बाई, हरकत नाही ना?" मी म्हटलं, "घासा. साबणसुद्धा लावा." त्यांनी पाठ घासली, खांदे घासले, मग तिला उताणी करून पोट घासलं. (या जातीत पोटावरही ठिपके हवेतच, तिथे सगळ्यांची लबाडी उघडी पडते.) आयोडिनला वाटलं, अंघोळीचा कार्यक्रम आहे. तिची घुरघुर मायक्रोफोनमधून हॉलभर ऐकू आली. टॉवेलवर रंग उतरला खरा, पण नारिंगी. परीक्षक महाशय मघापासून चीजची नारिंगी भुकटी लावलेली बिस्किटं खात होते. त्यांनी टॉवेल उंच धरला आणि म्हणाले, "नारिंगी माझं. ठिपके तिचे."

पहिला नंबर, लव्हिनिया. प्रुइटबाईंच्या मांजराचा चौथा. (गटात चारच मांजरं होती.)

तात्पर्य, आयोडिन मिळणार नाही. तू पाठ फिरवलीस तेव्हाच तुझा हक्क संपला. वकिलाला विचारायचं तर खुशाल विचार.

तुझी,
थिओडोरा

ता.क. तुझा गोल केलेला फोटो आत्ता भिंगाखाली पुन्हा पाहिला. गोल आयोडिनभोवती नाही, तिच्या भावाभोवती आहे. त्याला तीन गिऱ्हाइकं आली होती, मी दिला नाही. कारण विचारू नकोस. ठिपके त्याचेही वर आले आहेत आणि (हे लिहिताना हात जड होतो) बहिणीपेक्षा सरस आहेत.

पुन्हा ता.क. चौदा मार्चच्या फीनिक्सच्या प्रदर्शनाला दोघांची नावं एकाच गटात दिली आहेत. मला दोन मांजरं एकदम धरता येत नाहीत. तू ये. गुडघ्याचं निमित्त चालणार नाही. तुझ्या बोक्याचा नंबर दुसरा येईल.

शेवटचं ता.क. ऑर्व्हिल आज तुझ्याकडे, बेकर्सफील्डला निघाला आहे. त्याच्याजवळ दिलं ते असं: बोका एक, वय साडेपाच महिने, नाव प्रिन्स (नाव मला मान्य नाही), पिंजरा एक, परत करणे, कंगवा एक, टर्की, दोन दिवसांची. मिळाल्याबद्दल ऑर्व्हिलची सही खाली आहे. ती वाकडी आली आहे, कारण बोका त्याच्या हातावर बसला होता.