कन्व्हर्जन

पाचोड

प्रिय विशाखा,

सप्रेम जय भीम. माझा फोन बिघडलेला नाय. तुझा फोन येतो, घरभर वाजतो आणि मी नुसती बघत बसते. उचलला तर तू दोन वाक्यांत "आई, पेशंट आहे गं" म्हणशील आणि माझं बोलणं तोंडातच राहील, म्हणून हे पत्र. तुझा मामेभाऊ संघपाल उद्या शहरात, औरंगपुऱ्यातल्या त्याच्या औषधाच्या दुकानावर जाईल, त्याच्या हाती देते. सावकाश वाच. तुझ्या आईला थोडक्यात काही सांगता येत नाय, हे तुला ठाऊकच आहे.

पाळी जाऊन इतकी वर्षं झाली आणि आता पुन्हा अंगावर लाल जायला लागलं, म्हणून मी घाबरून तुझ्या दवाखान्यात आले. तू सोनोग्राफी केलीस. म्हणालीस, आई, पिशवी काढून टाकू, सोमवारीच दाखल हो. मी हो म्हटलं आणि बाहेर बाकावर बसले. तेवढ्यात तुमचे ते टायवाले मॅनेजर आले आणि सगळ्यांदेखत तुला म्हणाले, मॅडम, या महिन्यात कन्व्हर्जन तुमचंच सगळ्यात जास्त. नर्सांनी टाळ्या वाजवल्या. अगं, माझा ऊर भरून आला! तुझे आजोबा छप्पन साली नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले, आणि धर्मांतराला इंग्रजीत कन्व्हर्जन म्हणतात हे त्यांनीच मला शिकवलेलं. मला वाटलं, माझी लेक दवाखान्यात बसून लोकांना धम्मात आणते. गावात आल्या आल्या विहारात सांगून टाकलं. बायकांनी तुझ्या नावानं तीनदा साधू साधू म्हटलं. हसू नको.

संघपालला सांगितलं तर तो लई हसला. मग दुकानाचं काहीबाही सांगायला लागला. मी खोदून खोदून विचारलं तेव्हा बोलला. आत्या, तपासायला आलेल्यांपैकी जितक्यांना ऑपरेशनच्या टेबलावर नेलं, त्याला तिथं कन्व्हर्जन म्हणतात. ज्याचं जास्त, त्याला बढती, त्यालाच सिंगापूरची फुकट सहल. त्या रात्री जेवण गेलं नाय मला. सोमवारी मी आलेच नाय, ते यामुळं.

तुझा तो सिंगापूरचा फोटो मी मोठा करून, काच लावून बाबासाहेबांच्या फोटोखाली टांगलाय. काय रुबाबात उभी आहेस! शेजारची सुलेखा टीव्ही बघायला येते तेव्हा पदरानं त्याची काच पुसते. ताईंनी माझा जीव वाचवला, म्हणते. पोटात दुखतं म्हणून ती तुझ्याकडं आली होती आणि पिशवी काढून परत आली. अजून तिशी ओलांडली नाय पोरीनं. भर थंडीत तिच्या अंगाची आग होते, दारात बसून पदरानं वारा घेते. कंबर धरून उठते. तिला अजून एक लेकरू हवं होतं, हे तिनं तुला सांगितलं का गं? मला सांगितलं, आणि सांगून पुन्हा काच पुसायला लागली. आता मी दार लोटून घेतलं तरी मला तिच्या पदराचा आवाज येतो. फोटो काढून ठेवावा म्हटलं, तर ती विचारेल, का काढला. तिला काय सांगू?

तू वाईट नायस, विशाखा. माझ्या पोटची आहेस, मला ठाऊक आहे. खोटं सांग असं तुला कुणी म्हटलं नसेल. पण मी बालवाडीत जन्म घालवला, मला पोरं कळतात. तुला आठवतं का, आधी हात वर करील त्याला मी लिमलेटची गोळी द्यायचे. चार दिवसांत काय झालं? प्रश्न पुरा व्हायच्या आत सगळ्यांचे हात वर, तुझा सगळ्यात आधी. उत्तर येतंय की नाय, हे तुमचं तुम्हालाही कळेना. एकाही लेकरानं लबाडी केली नव्हती. गोळ्या बंद केल्या तेव्हा तू दोन दिवस माझ्याशी बोलली नव्हतीस, बयो. तुझ्या दवाखान्यात गोळी बंद करणारं कुणी नाय, आणि तिथं शिकलीसवरली माणसं सगळी हात वर करून बसलीत.

आता का लिहिलं ते सांगते. रक्त अजून थांबलेलं नाय, उलट वाढलंय. संघपाल म्हणतो घाटीच्या सरकारी दवाखान्यात चल. मी नाय म्हटलं. पोटची पोर डॉक्टर, आणि तिच्या शब्दाची खातरी परक्याकडून करून घेऊ? तू काढ म्हणालीस, तर दवाखाना तुझ्या तोंडून बोलला का, असं वाटतं. उद्या राहू दे म्हणालीस, तर माझं मन राखायला म्हणालीस का, असं वाटेल. मला दोन्हीची भीती वाटते, लई भीती वाटते. म्हणून माझं राहू दे, आधी सुलेखाचं सांग. तिची पिशवी काढायची गरज होती का? पाचोडला ये, माझ्यासमोर बसून सांग. नव्हती म्हणालीस तरी मी तुला टाकणार नाय. तू तिचं खरं सांगितलंस, की माझंही खरं मानीन आणि त्याच पावली तुझ्या टेबलावर येऊन झोपेन. तोवर फोन वाजू दे. मी इथंच आहे, आणि बाहेर सुलेखा बसलीय.

तुझीच,
आई