नानांच्या मिशीतली साखर

शुक्रवार, दिवेलागण. धुळे

नानांच्या मिशीतली साखर काही डोळ्यांपुढून जात नाही. दोंडाईच्याजवळच्या खेड्यातून त्यांना आणलं तेव्हा तोंड वाकडं, उजवा हात लुळा. मधुमेहाचा माणूस कोसळला की इकडे आधी तोंडात साखर कोंबतात. त्यांच्या बायकोवर, अक्कांवर चिडलेच मी. ठसका लागून जीव गेला असता! पण रक्तातली साखर उतरली तरी माणूस असाच दिसतो, मग त्या बिचारीने काय ओळखायचं?

बोटाला टोचून पाहिलं, साखर उतरलेली नव्हतीच. स्कॅनमध्ये रक्तस्राव नाही. म्हणजे मेंदूत रक्ताची गाठ, आणि ती विरघळवणारं इंजेक्शन देता येईल इतक्या वेळेत आणलेलं.

"त्यास्ले शुगर शे मॅडम, इंजेक्शन चाली का?" मुलगा घाबरला होता.

"चालेल. शुगर आहे म्हणून गाठ तशीच ठेवायची का?"

रक्तस्रावाचा धोका सांगितला आणि इंजेक्शन दिलं. जरा जास्तच ठामपणे बोलले का? नाही, तसंच बोलायला हवं होतं.

आत्ता राउंडला गेले तर नानांनी उजवा हात हळूहळू वर नेला आणि मिशी पुसली.

"मनं तोंड गोड कोनी करं?"

अक्का माझ्याकडे बघत राहिल्या.

"ते राहू द्या नाना," मी म्हटलं, "त्याच हाताने परत पुसा बघू."